शेवंताचा बिब्बा

आंधळ्याचा हात धरून त्याला पलीकडे नेता येतं. पण ज्याला आधीच सगळं दिसतंय, त्याचं काय करायचं? कामगारांच्या कॅम्प वन वस्तीतल्या ठकूबाईला सगळं दिसत होतं. भिलाईच्या पोलाद कारखान्याची एक भट्टी पेटली होती, दुसरी उभी राहत होती, रशियन इंजिनियर भर उन्हात टोप्या घालून हिंडत होते, आणि ठकूबाई हातपंपाखाली घागर लावून सांगत होती, की एवढं मोठं काम माणसाच्या रक्ताशिवाय उभं राहत नसतं. पुलाला माणूस लागतो, धरणाला लागतो, मग भट्टी काय उपाशी राहणार? ज्या दिवशी पेटवतात त्या दिवशी घेते, म्हणे. पहिल्या भट्टीत कोण गेलं असं कोणी विचारलं, तर ती म्हणायची, जो गेला तो सांगायला येईल का?

शेवंता हे ऐकायची आणि घागर उचलून घरी यायची. तिचा नवरा धोंडबा रेल्वेच्या दुर्ग लाइनीवर गँगचा मुकादम होता आणि नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आलेला होता. आल्या आल्या त्याने घरातले सगळे देव फडक्यात बांधले आणि शिवनाथ नदीत सोडले. खंडोबा गेला, मरीमाय गेली, शेवंताच्या माहेरचा चांदीचा टाकही गेला. रविवारी वस्तीतल्या वंदनेला धोंडबाच पुढे बसायचा, आणि उतारा, नवस, अंगात येणं यांचं कोणी नाव जरी काढलं तरी त्याचा आवाज चढायचा. शेवंतानेही देव सोडले होते, मनापासून सोडले होते. भीती कुठल्या नदीत सोडायची, हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती गप्प राहायची, आणि धोंडबाला वाटायचं की सगळं मिटलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा गुलाब मॅट्रिक झाला, तेव्हा सल्ला द्यायला अख्खी लाइन लोटली होती. रेल्वेत चिकटव, लोक म्हणाले. बुकिंग ऑफिसात बसेल, डोक्यावर पंखा, खिशाला पेन, रिटायर होईपर्यंत बघायला नको. कारखान्याचं काय खरं? रशियन उठून गेले की सगळं गंजत पडेल. आणि गुलाबने कारखान्यात नुसता अर्ज केला नाही, वर भट्टीचं काम मागून घेतलं, तेव्हा तर सगळ्यांनी कपाळाला हात लावला. शिकलासवरलेला पोरगा, आणि लोहाराचं काम? गोंदियाची एक सोयरीक ठरत आली होती. मुलीचा बाप भट्टीचं नाव ऐकून चहा न पिताच उठला. ऑफिसात असता तर पोरगी दिली असती, म्हणाला, धुरात कशी टाकू?

धोंडबा मात्र छाती काढून फिरत होता. त्याचं म्हणणं असं, की कचेरीतला साहेब आधी आडनाव विचारतो आणि मग खुर्ची देतो. भट्टीला आडनाव कळत नाही, माणसाला काम येतं की नाही एवढंच कळतं. गुलाब असलं काही बोलायचा नाही. त्याला भट्टीच आवडायची. शेवंता जमीन सारवत असली की तो शेजारी उकिडवा बसून ओल्या शेणात बोटाने पाट काढायचा, आणि भट्टीचं तोंड फोडल्यावर लोखंड कुठून कसं वाहत जातं ते दाखवायचा. सारवण बिघडायचं. शेवंता रागवायची, पण त्या वेळचा त्याचा चेहरा बघायला तिला आवडायचं.

मग डॉक्टरी तपासणी झाली. नव्या भट्टीवर जी माणसं जाणार होती त्यांना कपडे उतरवून उभं केलं. दात पाहिले, डोळे पाहिले, छाती ठोकली, एका पायावर उड्या मारायला लावल्या. ज्याचं एक बोट तुटलेलं होतं तो परत गेला. तिरळा होता तो गेला, लंगडत होता तो गेला. गुलाब जेवता जेवता हसत सांगत होता. डॉक्टरने त्याच्या पाठीवर थाप मारली होती आणि म्हणाला होता, एकदम फिट, कुठेच खोट नाही.

शेवंताचा तव्यावरचा हात तसाच राहिला, भाकरी करपली. हे बोलणं तिने ऐकलेलं होतं, पण माणसाबद्दल नाही. माहेरी मरीमायला रेडा द्यायचे. तो निवडायचं काम तिच्या आजोबांकडे होतं. आजोबा रेड्याचे दात पाहायचे, खुरं पाहायचे, त्याला चालवून पाहायचे. कान जरा फाटका निघाला तरी रेडा घरी परत. सगळं धड निघालं की आजोबा म्हणायचे, कुठंच खोट नाई, आणि मग बाया त्याला हळदकुंकू लावायच्या.

दुसऱ्या दिवशी पंपावर तिने नको तिथे तोंड उघडलं. ठकूबाईने घागर खाली ठेवली. रेल्वेत नुसते डोळे पाहतात, ती म्हणाली, धोंडबाचेही डोळेच पाहिले होते ना? मग लोखंड उचलायला दात कशाला लागतात? आणि तुझा तर जेठा, पहिला आणि एकटा, अंगावर तीळसुद्धा नाही. एवढं बोलून तिने शेवंताकडे असं पाहिलं, की शेवंता अर्धीच भरलेली घागर उचलून निघाली. ठकूबाई दुष्ट नव्हती, तिला खरंच वाईट वाटत होतं. पण वाईट वाटून घेणारी माणसंच अशा वेळी जास्त नुकसान करतात.

धोंडबाला सांगायची सोय नव्हती. गुलाबला तिने आडून विचारून पाहिलं, ऑफिसात कुठं जागा नाही का रे? तो हसला आणि सायकल काढून निघून गेला. भट्टी पेटवायचा दिवस तीन आठवड्यांवर आला होता. शेवंताला जेवण जाईना. मग तिला आजोबांच्या रेड्याचा फाटका कान आठवला. एवढीशी खोट, आणि जीव वाचायचा. लहान मुलाला गालबोट लावतात ते तरी दुसरं काय असतं? देखणं असेल त्याला थोडं बिघडवायचं, म्हणजे नजर दुसरीकडे जाते. गुलाबला तिने लहानपणी गालबोट कधी चुकवलं नव्हतं.

रविवार होता. धोंडबा वंदनेला गेला होता आणि गुलाब जेवून खाटेवर झोपला होता. शेवंताने डब्यातून बिब्बा काढला, दाभणाला टोचून चुलीच्या निखाऱ्यावर धरला. काळं तेल सुटलं. ते जरा निवू दिलं, आणि कापसाच्या वातीने गुलाबच्या मनगटाच्या आत एक ठिपका लावला, तिळाएवढा. काळा डाग पडेल, पेटवण्याआधी डॉक्टर पुन्हा पाहील, परत पाठवील. कोणाचं काही जाणार नाही. गुलाबने झोपेतच हात आखडून घेतला. वात चुलीत टाकताना तिला कितीतरी दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं.

बिब्बा कोणाला सोसतो, कोणावर उततो. गुलाबच्या अंगाला तो आजवर कधी लागलाच नव्हता, त्यामुळे त्याचं अंग कसलं आहे हे त्याच्या आईलाही माहीत नव्हतं. सोमवारी तो वैशाखाच्या उन्हात, तापलेल्या पत्र्यांमध्ये दिवसभर काम करत राहिला. घाम येत राहिला, आणि तो त्याच मनगटाने कपाळ पुसत राहिला. रात्रीपासून खाज सुटली. मंगळवारी त्याचे डोळे मिटून गेले, तोंड सुजून ओळखू येईना, दोन्ही हातांवर पाण्याने भरलेले फोड आले. सोबतच्या माणसांनी त्याला धरून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने एका नजरेत ओळखलं. भट्टीला भिऊन पळणारी माणसं त्याने पाहिली होती. कोणी डोळ्यांत चुना घालतो, कोणी बिब्बा लावून घेतो. त्याने तसं भट्टीचे इंजिनियर पंजाबराव साहेब यांना कळवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

संध्याकाळी धोंडबा घरी आला, तेव्हा त्याला रस्त्यातच सगळं कळलेलं होतं. त्याने सायकल भिंतीला लावली नाही, तशीच दारात पाडली. गुलाब खाटेवर भिंतीला टेकून बसला होता, डोळ्यांवर ओलं फडकं होतं. शेवंता चुलीपाशी होती. आता सांगावं, आता सांगावं, असं तिला वाटत होतं आणि जीभ उचलत नव्हती.

"बिब्बा हाय म्हनते डॉक्टर," धोंडबा म्हणाला. "कोनं लावला?"

"मीच लावला, बाबा."

"कावून?"

"भेव वाटलं मले."

धोंडबाने मारलं असतं तर बरं झालं असतं. "अख्ख्या लाइनीले सांगून ठेवलं होतं मी," तो एवढंच म्हणाला, आणि जेवण न करता बाहेर निघून गेला.

शेवंता चुलीपासून उठली. गुलाबला दिसत नव्हतं, पण ती जवळ आल्याचं त्याला कळलं. त्याने आवाज खाली आणला.

"माय, तू काही बोलू नको. बाबाले समजलं तर ते तुले घरात ठेवनार नाई. अन् सायबाले समजलं तर सारे हसतीन. म्हनतीन, पाहा या लोकायचं, देव बुडवले अन् भूत ठेवलं."

म्हणजे डॉक्टरने बिब्ब्याचं नाव घेतलं तेव्हाच त्याने सगळं ओळखलं होतं. तिने विचारलं, तुझी नोकरी? तो म्हणाला, गेली तर गेली, आणि फडकं पुन्हा डोळ्यांवर ओढून घेतलं. शेवंताला रडू आलं, पण तिने ते दाबलं. पोराचं तोंड आपण या अवस्थेला नेलं, आणि वर तो आपल्याला सांभाळून घेतोय, याची तिला इतकी लाज वाटली की तिला त्याच्या अंगावर हातही ठेववेना.

गुलाबला दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभं राहायचं होतं. धोंडबा कोणाशी न बोलता ड्यूटीवर गेला. तो वळणावरून दिसेनासा झाला आणि शेवंता डोक्यावर पदर घेऊन निघाली. साहेबांचं ऑफिस मरोदा गावाच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये होतं. चपराशाने अडवलं. ती दारातच बसली. उठवायला आला, तरी उठली नाही. आत आवाज गेला आणि साहेबांनीच तिला बोलावलं.

पंजाबराव साहेब अमरावतीकडच्या शेतकऱ्याच्या घरातले, अंगाने आडवे, आवाजाने मोठे. सुरुवातीला ते पुस्तकी मराठीत बोलत होते. शेवंताने सगळं सांगितलं. ठकूबाई, डॉक्टर, रेडा, वात, मनगट, काही ठेवलं नाही. पोराने काही केलेलं नाही, मी केलं, तो मला झाकून घेतोय, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. साहेबांचं तोंड लाल होत गेलं.

"बाई, तुम्हाला खरंच वाटतं आम्ही इथे माणूस जाळतो?"

"वाटते, सायब," शेवंता म्हणाली. "तुमचं तोंड पाहून नाई वाटत. पन पोटातून वाटते."

साहेब ओरडायच्या बेतात होते, पण या उत्तराने त्यांची पंचाईत झाली. ते खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी समजावून सांगितलं, की भट्टीसमोर ज्याला नीट दिसत नाही तो पडतो, ज्याची छाती कमजोर तो घेरी येऊन पडतो, बोट नसेल तर पहार धरता येत नाही, म्हणून सगळं अंग पाहतात. आणि बोलता बोलता त्यांची भाषा आपोआप गावाकडची झाली. ते म्हणाले, "माह्या बापानंही मले लवकर माफ नाई केलं. वावर सोडून लोखंड चाटाले चालला म्हने." शेवंताला त्यांचं सगळं बोलणं पटलं. भीती होती तिथेच राहिली.

तेवढ्यात गुलाब दारात आला. एक डोळा फटीएवढा उघडला होता. आईला आत पाहून तो थांबला, आणि त्याच्या सुजलेल्या चेहऱ्यावरही कळलं, की तिने इथे यायला नको होतं. साहेबांनी त्याला उभंच ठेवलं.

ते म्हणाले, पोराचा दोष नाही हे मला पटलं, त्याची नोकरी जाणार नाही. हजेरी लिहायच्या टाइम ऑफिसात एक जागा आहे. खुर्ची, पंखा, पांढरा शर्ट, भट्टीपासून लांब. मॅट्रिक आहे, आजच बसवतो. गुलाब पुढे सरकून काहीतरी बोलणार, तर साहेबांनी हात वर केला. त्याला विचारायचंच नाही, म्हणाले. भट्टीवरच्या माणसाचं घर त्याच्या मागे पाहिजे. उद्या हिने पुन्हा काही लावलं आणि ऐन वेळी तो आंधळा झाला, तर त्याच्यासोबत आणखी चार जण जातील. म्हणून हिनेच सांगायचं. टाइम ऑफिस की भट्टी?

शेवंताच्या हातात सगळं आयतं आलं होतं. पोरगा जिवंत, सावलीत, खुर्चीवर. गोंदियाचा माणूस धावत परत आला असता. लाइनीवरच्यांनी म्हटलं असतं, पाहा, आम्ही सांगत नव्हतो? आणि बिब्बा कोणी लावला हे धोंडबाला कधीच कळलं नसतं. हो म्हणायला तिने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की गुलाब त्या खुर्चीवर बसला तर धोंडबापुढे, लाइनीपुढे, सगळ्या वस्तीपुढे तो भ्यालेलाच राहणार. जन्मभर. पंख्याखाली बसून तो भ्यालेला म्हातारा होणार. आणि तो भ्याला नव्हता. या खोलीत एकच माणूस भ्यालेला होता.

तिने टेबलाची कड धरली.

"भट्टीवर घ्या, सायब."

"भेव गेलं काय?"

"नाई गेलं. भेव माहं हाय, ते माह्यापाशी राहू द्या. काम त्याचं हाय."

साहेब म्हणाले, पेटवायच्या दिवसापर्यंत डोळे आणि हात बरे झाले, तर त्याची जागा त्याची. पुन्हा असं काही झालं तर मात्र दोघांनाही गेटच्या आत पाय ठेवू देणार नाही. बाहेर आल्यावर गुलाब पुढे चालत राहिला आणि ती मागे. फाट्यावर तो थांबला आणि ती जवळ येईपर्यंत उभा राहिला. तिने त्याला सांगितलं, तू घरी जा, मला लाइनीवर काम आहे.

धोंडबाची गँग रुळाखालची गिट्टी काढत होती. शेवंताने तो घरी येईपर्यंत वाट पाहिली नाही. बदनामी लाइनीवर झाली होती, ती लाइनीवरच पुसायला हवी होती. तिने सगळ्या गँगसमोर सांगितलं, की बिब्बा मी लावला, गुलाबने नाही, आणि तो भ्यालेला नाही. माणसांनी फावडी टेकली. कोणी हसलं नाही. धोंडबाने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू नदीत सोडलेला देव परत घरात येऊन बसला आहे. मग त्याने पाठ फिरवून फावडं मारायला सुरुवात केली.

त्याने तिला घराबाहेर काढलं नाही, पण तिच्याशी बोलणं सोडलं. भाकरी तो स्वतः घ्यायचा, पाणी स्वतः घ्यायचा. गुलाबला मात्र त्याने जवळ बसवून घेतलं, त्याच्या फोडांना खोबरेल लावलं. रविवारी वंदनेला तो पुढे बसला नाही. लोकांनी जागा केली तरी मागेच बसला. शेवंताला त्याचं जास्त वाईट वाटलं. पंपावर ठकूबाई तिच्यासाठी जागा करून द्यायची, हळू आवाजात विचारपूस करायची, आणि शेवंता घागर भरून निघून यायची.

सूज उतरली, फोड सुकले, कातडी निघून नवी आली. डॉक्टरने पुन्हा तपासून त्याला पास केलं. भट्टी पेटवायच्या दिवशी गुलाब पहिल्या पाळीला निघाला. शेवंताने भाकरी फडक्यात बांधायला घेतली, पण गाठ काही बसेना. ती त्यानेच बांधली. जातो माय, म्हणाला. ये, ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं, नाहीतर ती मागून धावली असती. दिवसभर तिने काय केलं ते तिला सांगता आलं नसतं. सारवलेली जमीन तिने पुन्हा सारवली. दुपारी कारखान्याच्या बाजूला लोकांचा मोठा गलका झाला, तेव्हा तिने कानांवर हात ठेवले आणि तशीच बसून राहिली. भट्टी पेटली होती.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला तेव्हा ती बाहेर आली. उंबऱ्यावर धोंडबा बसला होता. तो ड्यूटीवर असायला हवा होता. सायकल भिंतीला होती, चपला पायातच होत्या, आणि तो कधीचा तिथे बसला होता कोण जाणे. त्याची नजर रस्त्यावर होती. पहिल्या पाळीची माणसं सायकलवरून येऊ लागली होती, घोळक्याने, धुळीने माखलेली, बोलत. त्यांत गुलाब नव्हता. दुसरा घोळका आला, त्यातही नव्हता.

"पाळी सुटली ना?" धोंडबाने विचारलं. तिच्याकडे न पाहता विचारलं, पण तिलाच विचारलं.

शेवंताने त्याच्याकडे पाहिलं. ज्याने सगळे देव नदीत सोडले, ज्याचा भुताखेतावर, रक्तावर, बळीवर काडीचा विश्वास नव्हता, त्या माणसाने गुडघे दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले होते. एवढे दिवस तिला वाटत होतं, भिणारे आपण एकटेच आहोत.

"सुटली," ती म्हणाली. "येतेच तो आता."

ती त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. त्याने सरकून जागा दिली. बऱ्याच वेळाने वळणावर गुलाबची सायकल दिसली, तसा धोंडबा लगबगीने उठून आत गेला आणि भरलेली घागर उगाच हलवून पाहू लागला. शेवंता मात्र बसूनच राहिली. उद्या गुलाबची पुन्हा पहिली पाळी होती.